शेकरूच्या अंगावरचा नवा माइट

"म्हणजे ही जात जगात आजवर कोणाला ठाऊकच नव्हती?" बाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही, बाई. डीएनए समोर आहे. हा सूर्य, हा जयद्रथ!" सुहेल म्हणाला.

पशुवैद्यक महाविद्यालयातल्या घाणेकरबाईंची उभी हयात प्राण्यांच्या अंगावरचे माइट ओळखण्यात गेली होती. माइट म्हणजे खरूज आणणारे, कोळ्याच्या भावकीतले इवलेसे जीव. बाई सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पाय आणि केस बघून जात सांगत. सुहेल पटवेकर हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

रानातून खरजेनं बेजार झालेलं एक शेकरू उपचार केंद्रात आलं होतं. सुहेलनं त्याच्या केसांतून माइट झाडून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाकडं न वळता थेट एकेकाचा डीएनए काढला. त्यातल्या एकाचा डीएनए कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. नवी जात! त्यानं रात्रंदिवस खपून शोधनिबंध लिहून काढला. आता बाईंची सही तेवढी बाकी होती.

"त्याला तुमचंच नाव देणार आहे, बाई."

"मोठा मान दिलास. दाखव मला."

सुहेलनं आलेखाचं पान पुढं केलं.

"हे नाही रे. माइट दाखव."

...

सुहेल हसला. बाईंचं आता वय झालं, असं त्याला वाटलं. "बाई, डीएनए काढायला तो कुटावा लागतो. नळीत विरघळून गेला."

"सगळा?"

"सगळा. पण त्यानं काय बिघडतं? पाय मोजायचे दिवस गेले आता. डीएनए हाती आला म्हणजे तोच हाती आला."

बाई उठल्या, सुहेलच्या मागं गेल्या आणि त्याच्या डोक्यावरचा एक केस मुळासकट उपटला.

"आई गं!"

बाईंनी तो केस काचेच्या नळीत टाकला, बूच लावलं, वर चिठ्ठी चिकटवून लिहिलं: सुहेल पटवेकर. मग त्याला खुर्चीवरून उठवलं आणि तिथं ती नळी ठेवली.

तेवढ्यात गोदामावशी चहा घेऊन आल्या. बाईंनी खुर्चीकडं बोट दाखवलं. "आधी सुहेलला द्या."

मावशींनी नळीकडं पाहिलं, भिंतीशी उभ्या सुहेलकडं पाहिलं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "बशीत ओतू का?" त्यांनी नळीला विचारलं.

...

सुहेलचे कान तापले. दाखवायला नमुना नसेल तर नव्या जातीच्या नावाला कोणी विचारत नाही, हे बाईंनी पहिल्याच वर्गात शिकवलं होतं. आपण ते विसरलो याची त्याला लाज वाटली, आणि हातातली जात निसटते की काय अशी भीतीही.

पण गडी हार मानणारा नव्हता.

"बाई, शेकरू अजून केंद्रातच आहे. औषध उद्या सुरू करणार आहेत, ते लागलं की सगळे माइट मरतील, गळून जातील. मी आत्ताच निघतो. त्याच्या अंगावर चार जातींचे माइट आहेत, त्यातला हा नेमका शोधतो. या खेपेला त्याला धक्काही लावणार नाही. अख्खा आणून तुमच्यापुढं काचेवर ठेवतो!"

"शाब्बास. नीघ," बाई म्हणाल्या. त्या मनापासून खूश झाल्या होत्या.

सुहेलनं पिशवी खांद्याला लावली. तो दारापर्यंत पोचला.

"सुहेल..."

"काय, बाई?"

"तो दिसला, की ओळखशील कसा?"