तळवा पाहणारी

फार फार जुन्या काळची गोष्ट. देवळाच्या पायऱ्या अजून झिजल्या नव्हत्या, तेव्हाची म्हणा ना. खडकाळ माळावर एक नगर होतं. माणसं मोठी भाविक. वडीलधारं कुणी दिसलं की वाकून पायांवर डोकं ठेवायची. पण पाय उलटा करून तळवा पाहायची रीत काही तिथे नव्हती.

वेशीबाहेर भिवरा नावाची बाई एकटीच राहायची. तिचा बाप बैलांना पत्री मारायचा, म्हणजे खुरांना नाल ठोकायचा. हातोडी उचलण्याआधी तो खूर चांगला निरखून घ्यायचा. म्हणायचा, "पोरी, जनावर मुकं असतं. पण खूर बोलतो." बाप गेला. नवरा परमुलखात गेला तो परतलाच नाही. आहे की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे बायका तिला ना सवाष्णींत धरत, ना विधवांत.

बापाची नजर भिवरानं माणसांच्या पायांकडे वळवली. आधी लोक काटा काढायला यायचे. मग टाचांच्या भेगा घेऊन येऊ लागले, ती त्यांत कोमट आमसुलाचं तेल भरायची. कुणाचं नख मांसात रुतलेलं असे, कुणाला कुरूप झालेलं असे. ती वहाणसुद्धा उलटी करून बघायची. कुठल्या अंगाला झिजली आहे, त्यावरून माणूस भार कुठे टाकतो ते ओळखायची आणि तिथे मऊ कातड्याचा तुकडा शिवून द्यायची. लंगडत आलेली माणसं सरळ चालत जायची. पण दिवसभर लोकांच्या पायांना हात लावणारी बाई. तिच्याकडे पाणी कोण पिणार? गावातल्या प्रत्येकाचा तळवा तिला ठाऊक होता, आणि एकाही घराचा उंबरा नाही.

तरी तिचा एक नेम होता. रोज अतिथीसाठी एक भाकरी जास्त थापायची. दिवस कलला की ती भाकरी गाईला घालायची आणि देवाला म्हणायची, "आज नाही तर उद्या येईल कुणी."

नगराच्या मुख्याच्या बायकोला सगळे थोरल्या बाई म्हणत. बाई नेमधर्माच्या, मनाच्या चांगल्या. त्यांनी बारा वर्षं अनवाणी राहण्याचं व्रत धरलं होतं. शेवटी शेवटी नवलच झालं. काटा मोडला तरी त्यांना कळेना, तापलेल्या फरशीवर उभ्या राहिल्या तरी पाय उचलीनात. "देवीनं पाय ओटीत घेतले गं!" असं म्हणत बायका लोटांगण घालू लागल्या.

व्रताचं उद्यापन ठरलं. थोरल्या बाईंचे पाय धुवून, कुंकू लावून त्यांना नव्या वहाणा घालायच्या होत्या. पाय धुवायला भिवराला बोलावणं आलं. तिनं लग्नातलं लुगडं काढून नेसलं. अंगणात शिरताच एक बाई सरकून म्हणाली, "ये गं, इथं बस." बारा गावचा मान मिळावा तसं भिवराला झालं. किती वर्षांनी तिच्या खांद्याला कुणाचा खांदा लागला होता!

परात आली. भिवरानं पाण्यात बोटं घातली आणि चटकन मागे घेतली. पाणी कढत होतं. थोरल्या बाईंनी मात्र दोन्ही पाय बुडवले आणि म्हणाल्या, "पाणी गारच ठेवलंत का गं?"

 भिवरानं हळूच पाय उचलून उलटा केला. तळव्यावर चंदन थापलं होतं. चंदनाखाली बाभळीचा काटा मोडून रुतला होता, भोवती मांस काळं पडलं होतं आणि वास येत होता.

तिच्या मनात आलं, गप्प बसावं. कुंकू लावावं, पंगतीला बसावं. आज बोलले तर हे दार पुन्हा उघडायचं नाही. पण हातातला पाय मुका होता.

"बाई," ती म्हणाली, "ही कृपा नव्हे. पायाची जाणीव गेलीय. आत सडतंय. आजच साफ केलं नाही तर पाय जाईल."

अंगणात कुजबुज उठली. मग एकजण फणकारली, "बैलांचे खूर बघणारी ती! देवीचा पाय तिला काय कळणार?"

"सणाच्या दिवशी अभद्र बोलते मेली! उठवा तिला!"

जिनं जागा दिली होती, तिनंच पदर आवरून घेतला. थोरल्या बाईंनी पाय पुन्हा परातीत ठेवला. भिवरा उपाशीच परतली.

त्यानंतर सात दिवस तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. पावलं वेशीपर्यंत यायची आणि वळून जायची. ती ऐकत बसायची. भाकरी मात्र रोज दोन थापल्याच, एक आपली आणि एक अतिथीची.

आठव्या दिवशी एक बैलगाडी दाराशी थांबली. आत थोरल्या बाई तापानं फणफणल्या होत्या, शेजारी त्यांची सून होती. सून रडत म्हणाली, "मावशी, सगळे कपाळाला लेप लावतायत. मी आज पाय उलटा करून पाहिला. तुम्ही खरं बोलला होतात."

भिवरानं एका शब्दानं बोल लावला नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, काटा काढला. रोज धुवायचं, रोज बांधायचं. दीड महिना थोरल्या बाई त्या झोपडीत राहिल्या आणि तिच्याच हातची भाकरी खाल्ली. करंगळी गेली, पण पाय वाचला.

निघायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "भिवरे, बस इथं पाटावर. तुझा पाय बघू दे मला."

"अगंबाई, माझा कशाला?"

"बस म्हणते ना!"

त्यांनी पाय उलटा केला आणि त्यांचा हात थबकला. टाचा खोल उकलल्या होत्या, भेगांत रक्त साकळलं होतं. "अगं, हे कधीपासून?"

"कुणास ठाऊक, बाई. आपला तळवा आपल्याला कुठं दिसतो?"

थोरल्या बाईंनी तिथेच तेल कोमट करायला ठेवलं. मग घाईनं भेगांवर ओतताना थोडं सांडलं. भिवरा हसून म्हणाली, "असं नव्हे हो. आधी कोमट पाण्यात भिजवायचं, मग पुसायचं, मग तेल." थोरल्या बाई शिकल्या, मग त्यांची सून शिकली. पुढे दर अमावास्येला नगरातल्या लेकीसुना भिवराच्या ओसरीवर बसू लागल्या, एकमेकींचे तळवे मांडीवर घेऊन. त्या सासरी गेल्या तशी ही विद्या गावोगाव गेली, आणि पाय पाहणाऱ्याच्या हातचं पाणी लोक मानानं पिऊ लागले.

भिवराला आता अतिथींसाठी तिसरी भाकरी थापावी लागली, मग चौथी.

लक्षात ठेवा, बाळांनो : पायांवर डोकं ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण जो तळवा पाहतो आणि खरं सांगतो, तोच आपला.