गेनू फोटो सुधारतो

बोरखेडीत गेनू नावाचा एक भोळा गडी होता. वय पस्तीस. सांगितलेलं काम तो मनापासून करायचा. अगदी सांगितलं तसंच करायचा.

त्याच्या थोरल्या बहिणीचा, रत्नाअक्काचा, एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायला ती गावोगाव जायची. कॉम्प्युटरवर बसायला माणूस नव्हता.

"गेनू, तू बस. मी शिकवते," अक्का म्हणाली.

गेनू बसला.

पहिल्या दिवशी पासपोर्टचा फोटो होता. अक्का म्हणाली, "हे बघ, माणसाच्या मागं खुंटी दिसते, कॅलेंडर दिसतं. मागचं सगळं काढून टाकायचं. पांढरंशुभ्र करायचं."

"मागचं सगळं काढायचं," गेनू म्हणाला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचा फोटो आला. पुढे पाच जण खुर्च्यांवर, मागे अकरा जण उभे. गेनूने दिवसभर खपून अकराही जण काढले. बुवांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा राहिला होता. तोही बोट बोट करून काढला.

बुवा फ्रेम घेऊन आले. "अक्का, माझे टाळकरी कुठं गेले?"

"मागं होते," गेनू म्हणाला. "काढले."

अक्काने कपाळाला हात लावला. "अरे, माणसं काढायची नसतात! उलट कुणी कमी असंल तर दुसऱ्या फोटोतून आणून शेजारी उभं करायचं."

"कमी असंल तर आणायचं." गेनूने लिहून घेतलं.

मग शिंप्याच्या शकूचा फोटो आला. स्थळांना पाठवायचा होता. गेनूने बघितलं, तर पोरगी एकटीच उभी. शेजारी कुणी नाही. त्याला वाईट वाटलं. त्याने पोस्टमास्तरांचा फोटो शोधला, मास्तरांना कापून आणलं आणि शकूशेजारी उभं केलं. जोडा छान दिसत होता.

तो फोटो सहा घरी गेला. सहाही घरांनी कळवलं, 'नांदा सौख्यभरे.'

शकूचा बाप कात्री घेऊनच स्टुडिओत आला. पोस्टमास्तरांची बायको त्याच्याआधीच येऊन बसली होती.

"असला शहाणपणा पुन्हा करू नको," अक्का म्हणाली. "फोटोत जेवढे असतील तेवढेच ठेव. फक्त चेहरा नितळ कर. डाग, सुरकुत्या, काही ठेवू नको."

मग बळवंतआजोबा आले. वय ब्याऐंशी. पेन्शनच्या कागदावर फोटो लावायचा होता. गेनूने एकेक सुरकुती पुसली. मग टक्कल हा एक मोठा डागच आहे असं त्याला वाटलं, म्हणून तिथे केस भरले.

आजोबा कागद घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने फोटो बघितला आणि म्हणाला, "फोटोतला मुलगा आला नाही का?"

"गेनू, मूळ फोटो दे," अक्का म्हणाली.

"मूळ कुठाय? त्याच्यावरच तर केलं सगळं."

अक्का मटकन खाली बसली. गावात आता तिच्याकडे फोटोला कुणी येईना. एकच मोठं काम हातात उरलं होतं, सरपंचांच्या रेवतीचं लग्न. ते बिघडलं तर स्टुडिओला कुलूप.

तिने गेनूचे दोन्ही खांदे धरले. "नीट ऐक. मूळ असतं त्याला कधी हात लावायचा नाही. ते वेगळ्या फोल्डरमधे जपून ठेवायचं. जे काय करायचं ते कॉपीवर. अल्बममधे कॉपीच लावायची. कळलं?"

"कळलं, अक्का." गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यालाही स्टुडिओ टिकायला हवा होता.

लग्नात अक्का फोटो काढत होती आणि गेनू लाइट धरून उभा होता. नवरीसारखीच दिसणारी एक बाई जिलेबी खात होती. फरक इतकाच की नवरीच्या अंगावर लाल शालू होता आणि तिच्या अंगावर निळी साडी.

"ही कोण?" गेनूने नवरीच्या मावशीला विचारलं.

"ही रोहिणी, रेवतीची जुळी बहीण. पैलवानाला दिलीय. बघा की, हुबेहूब कॉपी!"

गेनूने वही काढली.

पुढचे पंधरा दिवस तो जागचा हलला नाही. अक्काने एकदा येऊन डोकावलं. 'मूळ' नावाचा फोल्डर बघून तिला बरं वाटलं. ती त्याला शाबास म्हणाली आणि दुसऱ्या गावी कामाला गेली.

रेवतीच्या सासरी सत्यनारायण होता. जेवणं झाली आणि सगळ्यांसमोर अल्बम उघडला. अक्का आणि गेनू कौतुक ऐकायला कोपऱ्यात बसले होते.

पहिल्या पानावर नवरदेव आणि रोहिणी. दुसऱ्या पानावर नवरदेव रोहिणीच्या गळ्यात हार घालतोय. पुढे सप्तपदी. नवरदेव गंभीर तोंडाने पुढे चाललाय आणि मागून निळ्या साडीतली रोहिणी जिलेबीची ताटली घेऊन हसत चाललीय. शेवटच्या पानावर घास. नवरदेव भरवतोय, पण रोहिणीचं तोंड आधीच भरलेलं.

रोहिणीचा पैलवान उठला आणि त्याने बाह्या सारल्या. नवरदेव सासऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

रेवतीला हुंदका आला. "मी कुठाय? माझ्या लग्नात मीच नाही?"

गेनू पुढे झाला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "रडू नका, ताई. तुम्ही मूळ आहात. तुम्हाला मी कुठंही धक्का लागू दिला नाही. लग्न नुसतं कॉपीचं लावलंय."