दोन घरांमधली वाट

हौसाक्का तीन घरी चपात्या करायची. तिसरं घर मोहिते साहेबांचं. पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी शर्यतीचं खूळ त्यांच्या डोक्यात बसलेलं. एक दिवस अक्काला दहा मिनिटं उशीर झाला. हे घर सुटलं तर पोरीचं कॉलेज सुटणार, म्हणून बाई धावतपळत आली.

साहेब मित्रांसमोर गरजले, "नोकरी सांभाळून मी तीन-तीन प्रकार करतो, तरी वेळेत! तुला तीन घरं जमेनात? उद्यापासून येऊ नकोस."

अक्कानं हात पदराला पुसले. "साहेब, पोहून आल्यावर तुम्ही बूट घालता, तेवढा वेळ शर्यतीचं घड्याळ थांबतं का हो?"

"छे! तो वेळ शर्यतीतच धरतात."

"मग दोन घरांमधलं माझं चालणं कुठं धरलंत?"

मित्र साहेबांकडे बघून फिदीफिदी हसले. साहेब खाली बघत म्हणाले, "अक्का, उद्यापासून पाव तास उशिरा या."