घुशीने मांडलेल्या शेपट्या

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे विरळ होतात आणि पावलाखाली जमीन पोकळ वाजते, तिथे बुटक्या कुत्र्यांचे एक कूळ राहत असे. शहरात या जातीला टेरियर म्हणतात; जंगलात त्यांना नुसते बिळकरी म्हणत. पाय आखूड, छाती अरुंद, पण हिंमत अशी की विचारू नका. सशाच्या घरात घूस शिरली, मोराच्या अंड्यांवर घूस टपून बसली, की बिळकऱ्यांना बोलावणे जायचे. ते बिळात डोके घालत, घुशीला आतल्या आत गाठत आणि मागे सरकत सरकत बाहेर येत. बिळात वळायला जागा नसते, मुलांनो. जसे गेलात तसेच उलटे यावे लागते.

या कुळाचा एक नियम होता. पिल्लू चार दिवसांचे झाले की कुळातला म्हातारा कुत्रा त्याची शेपटी दातांनी कापायचा. नियमाचे शब्द सगळ्यांना पाठ होते : ‘तोंडात धरता येईल एवढी ठेवावी, उरलेली कापावी.’ शब्द पाठ होते. माप मात्र कोणी बघत नव्हते. म्हातारा मान वळवून स्वतःच्या थोटकाकडे बघायचा, वाढल्यावर पिल्लू आपल्यासारखेच दिसले पाहिजे असा अंदाज बांधायचा आणि दात मारायचा. लांब राहिली असे कोणी म्हणायला नको, म्हणून वर केसभर जास्तच. मोजपट्टी हरवली म्हणून कालच्या दोरीवरून आजची दोरी आणि आजच्या दोरीवरून उद्याची दोरी कापणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिला आहे का? वर्षभराने त्याचे गिऱ्हाईक विहिरीवर जाते, बादली सोडते आणि बादली पाण्याच्या वरच लोंबकळत राहते. दुकानदार शपथेवर सांगतो, मी तर मापानेच दिली. तसेच हे होते.

या कुळातल्या एका कुत्रीची तीन पिल्ले एके दिवशी चार दिवसांची झाली. पण तिचे लक्ष पिल्लांत नव्हते. तिचा थोरला मुलगा सकाळी घरासमोरच्या जुन्या वारुळाखालच्या बिळात गेला होता, तो दुपार कलली तरी परतला नव्हता.

“आजोबा, माझा पोरगा अजून आत आहे,” ती म्हाताऱ्याला म्हणाली.

“येईल गं. नाही आला तर नाही आला. गेल्या साली दोघं आत राहिले, त्याच्या आदल्या साली एक. बिळकऱ्यांच्या घरात हे चालायचंच.” म्हातारा दात चाटत होता. “तू पिल्लं पुढे आण. ऊन उतरायच्या आत उरकून टाकू.”

“आधी त्याला आणते.”

“तुझं नेहमीचंच. प्रत्येक कामात आधी तुझं दुसरं काम.”

ती वारुळापाशी गेली. बिळाच्या तोंडाशी मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. आतून गार वारा येत होता, आणि तो थांबत थांबत येत होता, कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा. तिने कान लावला. वारा थांबला. जणू आतल्यानेही कान लावला असावा.

ती आत शिरली. चार हात गेल्यावर उजेड संपला. आणखी थोडे पुढे तिचे नाक मऊ केसांना लागले. मुलाची पाठ होती ती, आणि थरथरत होती.

“आई?”

“मीच आहे. दुखापत झालीय का?”

“नाही गं. माती बसली माझ्या पायांवर. मागचे पाय सुटतच नाहीत. तू ओढ ना मला.”

तिने माती उकरून पाहिली, तर वरून दुप्पट माती खाली आली. मग तिने त्याला धरायला तोंड उघडले. पाठीवर दात घसरले. शेपटीच्या जागी केसांखाली वाटाण्याएवढा उंचवटा होता, तोही दातातून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

“ओढ ना, आई.”

“ओढते रे. पण धरू कशाला?”

“धरायला तिथे काही नाही, बाई,” बाजूच्या अंधारातून कोणीतरी गोड आवाजात म्हणाले. “ते सगळं इकडे आहे.”

कुत्रीच्या मानेवरचे केस उभे राहिले. आवाज एका आडव्या बोगद्यातून आला होता. तिने तिकडे डोके वळवले.

“ये. नाकाने बघ. डोळ्यांचं इथे काम नाही.”

तिने नाक पुढे केले. भिंतीच्या कडेने काहीतरी ओळीने मांडून ठेवले होते. पहिला होता नुसता केसांचा झुपका, इतका जुना की त्याला मातीखेरीज कसलाच वास नव्हता. पुढचा तुकडा तांदळाएवढा. त्याच्या पुढचा शेंगदाण्याएवढा. मग लांब, आणखी लांब. पुढे पुढे वास ओळखीचे होऊ लागले. हा आजीचा. हा आईचा. आणि एकाला तिच्या स्वतःच्या अंगाचा वास होता, तिच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या दुधाचा. आयुष्यात कधी न पाहिलेली आपली शेपटी तिने हुंगली. शेजारी मुलाची होती, सगळ्यात लांब.

“नीट ठेवल्यात ना?” आवाज म्हणाला. ती एक म्हातारी घूस होती आणि फारच जवळ बसली होती. “तुम्ही बिळाच्या तोंडाशी फेकता, आम्ही उचलून आणतो. तो पहिला झुपका बघितलास? त्या काळी तुमच्यातला एकही इथे अडकून राहत नसे. मागून दुसरा यायचा, पुढच्याची शेपटी तोंडात धरायचा, आणि चालले दोघं बाहेर. आमची घरंच्या घरं बसली तेव्हा. मग तुकडे लांब होत गेले. माझी पणजी सांगून गेली, पोरींनो, काही करू नका. नुसत्या थांबा.”

अंधारात तिच्या मागे आणखी कोणी कोणी श्वास घेत होते. किती होत्या ते कळत नव्हते.

“माझ्या पोराला सोड,” कुत्री म्हणाली.

“सोडते की. एक कुत्रा घेऊन आम्ही काय करणार? माझ्या लेकी खालून माती काढतील आणि त्याला तोंडाकडून ढकलतील. बदल्यात तू एक शब्द दे.”

“कसला?”

“तू ही ओळ पाहिलीस, म्हणून मागावा लागतो. एरवी मागितला नसता. घरी जाऊन तुझ्या तीन पिल्लांच्या शेपट्या नियमाप्रमाणे कापायच्या. पुढच्यांच्याही तशाच. तुमचाच नियम आहे, तुम्हीच पाळायचा. मी नवीन काही मागते का?”

पलीकडून मुलाचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. “आई, तू कोणाशी बोलतेस?”

आपला नियम मोडला तर म्हातारा रागावेल हे कुत्री जाणून होती. पण नियम मोडेल म्हणून घुशीच्या पोटात का दुखावे? तिने नियमाचे शब्द मनातल्या मनात पहिल्यापासून म्हटले, सावकाश, एकेक करून. मग पुन्हा एकदा म्हटले.

“दिला शब्द,” ती म्हणाली. “नियमाप्रमाणे. त्यात एका शब्दाचा फरक होणार नाही.”

“एका शब्दाचाही नाही,” घूस म्हणाली, आणि अंधारात पुष्कळ दात एकदम हलकेच वाजले.

कुत्री मागे सरकून पुन्हा मुलापाशी आली, आणि जमीन आतून सरकू लागली. मुलाच्या पायांखालची माती निघाली, त्याची पाठ एकदम मागे आली, आणि आधी आई, मग तिच्या नाकापाशी मुलगा, असे दोघे उलटे सरकत उजेडात आले. मुलगा धापा टाकत बसला. त्याच्या तोंडावर आणि छातीवर लहान लहान गार बोटांचे मातकट ठसे उमटले होते.

“हात होते, आई,” तो म्हणाला. “खूप हात होते.”

“असू देत. चल, काम आहे.”

घरी म्हातारा पिल्लांपाशी तयारच होता. थोरल्याला पाहून तो म्हणाला, “आला ना? उगाच जिवाला घोर लावून घेतलास.” आणि सवयीने आपल्या थोटकाकडे मान वळवू लागला.

“आजोबा, तिकडे नका बघू,” कुत्री म्हणाली. “आज नियमाने मोजायचं.”

“मग मी काय करतो?”

“तुम्ही तुमच्याएवढी करता. नियमात तुमचं नाव नाही. तोंडात धरता येईल एवढी ठेवावी, असं आहे.” तिने वाकून पहिल्या पिल्लाची शेपटी तोंडात धरली आणि जबडा मिटला.

तिला बोलता येईना, म्हणून थोरल्याने विचारले, “आजोबा, बाहेर किती उरली?”

म्हातारा एका बाजूने बघून आला, दुसऱ्या बाजूने बघून आला. “काहीच नाही.”

“मग कापायचं काय?”

“वाढल्यावर उरेल की.”

कुत्रीने शेपटी सोडली. “वाढल्यावर धरणाऱ्याचं तोंडही केवढं असतं ते तेव्हा बघू. आज उरलेलं दाखवा, आणि कापा.” दुसरे पिल्लू मोजले, तिसरे मोजले. कापण्यासारखे काही निघाले नाही. मग म्हाताऱ्याने तोंड मिटले आणि तो खाली बसला. ज्या दातांनी आजवर इतक्या शेपट्या कापल्या, ते त्याला एकाएकी जड झाले असावेत.

ऊन उतरता उतरता वारुळाखालची माती हलली आणि म्हातारी घूस अर्धी बाहेर आली. तुकड्यांसाठी तिने बिळाच्या तोंडाशी नाक फिरवले. मग वर पाहिले.

“शब्द दिला होतास, बाई.”

“पाळला. नियमाप्रमाणे मोजल्या. बाहेर काही उरलंच नाही. हवं तर तू मोजून बघ.”

घुशीने दूध पिणाऱ्या तिन्ही पिल्लांकडे पाहिले. त्यांच्या शेपट्या हलत होत्या. तिला राग आलेला दिसला नाही. “माझ्या पणजीने याही दिवसाचं सांगून ठेवलं होतं, की तुकडे यायचे थांबले की इथून निघा,” ती शांतपणे म्हणाली आणि आत गेली. दिवस मावळेपर्यंत जमिनीखालून काहीतरी ओढून नेल्याचा आवाज येत होता, एकामागून एक, दूर दूर जात.

तात्पर्य : रीत पाळताना मागच्याची नक्कल करू नये, तिचे मूळ शब्द आणि कारण स्वतः तपासावे, आणि आपली रीत अशीच चालू राहावी म्हणून वैरीच गळ घालू लागला, तर ती रीत कोणाच्या उपयोगी पडते आहे हे ओळखावे.