सोपान नावाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. श्रावण शुद्ध दशमी, शुक्रवार. सकाळपासून झाकोळलं होतं, वारा पडला होता, पावसाचा थेंब नव्हता. अशा दिवशी आटपाट नगरात एका शेट्याच्या घरी बारसं होतं.

नगर टेकडीवर, नदी खाली, मधे निसरडी उतरण. शेट्याच्या बायकोचं नाव चंपावती. तिला नवसासायासानं मुलगा झाला होता. तिनं पाळणा सजवला, गाव बोलावलं. नदीपलीकडून तिची नणंद ठकूबाई आली. अंगावर ठिगळाचं लुगडं, ओच्यात मूठभर घुगऱ्या, हातात चिंध्या जोडून शिवलेली कुंची. बायका हसल्या.

"आत्याबाई, कुंची बाळाला की बाहुलीला?"

"बाळाला गं. तुझं डोकं एवढं मोठं नसतं, तर तुलाही शिवली असती."

मग ठकूबाई पाळण्याशी वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, "सोपान."

चंपावतीनं विचारलं, "म्हणजे काय, वन्सं?"

"म्हणजे पायरी, वहिनी. ज्ञानोबामाउलींच्या धाकट्या भावाचं नाव. या नावाचा माणूस शांत असतो, कामाला वाकतो, दुसऱ्याला वर चढवतो."

चंपावती फणकारली, "पायरीवर लोक पाय देतात! माझ्या लेकाचं नाव राजराजेश्वर." तिनं नणंदेला पाटावर बसवलं नाही, ओटी भरली नाही, पुरणाचा घास दिला नाही. ठकूबाईनं कुंची पाळण्यात ठेवली आणि उतरण उतरून गेली.

मग मुलगा वाढला. गोरागोमटा, पण हाकेला वळेना. आईनं हाक मारली, "राजराजेश्वरा!" वळला नाही. मग नाव बदललं, "भूपाला!" वळला नाही. मग पुन्हा बदललं, "दिग्विजया!" वळला नाही. वैद्य आले, म्हणाले, "कान बरे आहेत. चिमणी चिवचिवली की बघतो." आई म्हणाली, "मग माझंच का ऐकत नाही?" वैद्य बटवा उचलून गेले. मुलगा पाच वर्षांचा झाला, पण तोंडातून शब्द नाही. एके दिवशी तो चालत चालत उतरणीच्या काठाशी गेला. चंपावती तिन्ही नावांनी ओरडली. त्यानं मान वळवली नाही. एका पाणक्यानं झेप घालून त्याला धरलं, म्हणून वाचला. पण उद्या कोण धरील? तिला अन्न गोड लागेना.

मग श्रावणातल्या शुक्रवारी ती तरातरा देवळाकडे निघाली. म्हणाली, "देवालाच विचारते." देवळापाशी आली, वाकली, पायरीला हात लावला, हात कपाळाला लावला. तिथं एक म्हातारी सवाशीण बसली होती. कपाळभर कुंकू, मांडीवर मूल, खांद्याला मूल, पाठीशी मूल.

म्हातारी म्हणाली, "लेकी, देव तर आत आहे. हात कशाला लावलास?"

"पायरीला. लावायचाच असतो."

"तो का गं? तिच्यावर लोक पाय देतात."

चंपावतीचा हात कपाळाशीच राहिला. आपलेच शब्द तिला ओळखू आले. ती रडू लागली. "आई, मी मुलाचं नाव पुसलं. आता उपाय सांग."

"सांगेन. पण उतशील, मातशील, वसा अर्ध्यावर टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"मग ऐक. श्रावणातल्या शुक्रवारी देवळाची पायरी धुवावी, हळदकुंकू वाहावं. मुलाचं नाव अर्थासकट तीनदा म्हणावं. जिनं नाव ठेवलं त्या आत्याला पाटावर बसवून ओटी भरावी. बोलवायला माणूस धाडू नये, आपण जावं."

मग तिनं पायरी धुतली, हळदकुंकू वाहिलं, नाव तीनदा म्हटलं. घरी येऊन मुलाला घेतलं, त्याला घट्ट धरून उतरण उतरू लागली. बसत गेली, घसरत गेली, रेशमी लुगडं चिखलानं माखलं. बारशाला वन्सं याच वाटेनं आल्या होत्या, हे तिच्या ध्यानात आलं.

नदी ओलांडून गेली, तर ठकूबाई दारात होती. "अगंबाई, वहिनी! ही काय दशा!"

चंपावतीनं पाय धरले. "वन्सं, नाव परत ठेवा."

"ठेवलेलं नाव जातंय कुठं? ते त्याच्या कानात आहे. हाक मारा तुम्ही."

चंपावतीनं मुलाचा हात सोडला. मग हळूच म्हणाली, "सोपाना."

मुलगा वळला. हसला. म्हणाला, "ओ, आई."

मग नणंदेला घरी आणलं, पाटावर बसवलं, ओटी भरली, पुरणपोळी वाढली. दर श्रावणात वसा चालला. सोपान मोठा झाला. कुणाला उणं बोलला नाही, कामाला पाठ दाखवली नाही. हातात पहार घेतली आणि उतरणीला पायऱ्या खोदू लागला. लोक म्हणाले, "शेट्याचा मुलगा आणि दगड फोडतो?" तो म्हणाला, "आत्यानं सांगितलंय तेच करतोय." शेवटची पायरी बसली, तेव्हा म्हातारी ठकूबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत वर आली.

ज्या बायका हसल्या होत्या, त्यांच्या सुना पाळणे घेऊन आल्या. "आत्याबाई, आमच्याही बाळाचं तेच नाव ठेवा."

"अगं, घाटावर एक हाक मारलीत तर किती वळतील?"

"वळू देत की. हंडा उचलायला हात लागतात."

त्या साली नगरात नऊ मुलगे झाले. त्यांतल्या सातांचं नाव सोपान ठेवलं.

जिवतीबाई चंपावतीला पावली, लेकानं तिच्या हाकेला ओ दिली, तशी तुम्हांआम्हां ऐकणारणींच्या हाकेला ओ मिळो. ही लांबल्या उत्तरांची कहाणी थोडक्या उत्तरी सुफळ संपूर्ण.