गोधडीतला पाक

फार जुनी गोष्ट आहे, तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत इतकी जुनी. नदीकाठच्या एका गावात घरोघरी खडीसाखर होई. तिथली रीत अशी, की मुलाने केलेला पहिला खडा आईने डोळ्याशी धरायचा आणि त्यातून देवापुढची ज्योत पाहायची. ज्योत स्वच्छ दिसली, की आईने मुलाला कारागीर म्हणायचं.

त्या गावातली एक म्हातारी कारागीर आजारी पडली. तिचा मुलगा चांगला मिशा फुटलेला गडी, पण त्याने तोवर एकही खडा केला नव्हता. आज करू, उद्या करू, असंच चाललं होतं. आता मात्र तो घाबरला. त्याने दाट पाक केला, त्यात दोरा सोडला आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं.

"हलवू नकोस हं," आई अंथरुणावरून म्हणाली. "पाकात साखरेचे कण सैरावैरा फिरत असतात. पाक हळूहळू निवला, की एकेक कण दोऱ्यापाशी येतो, आपली जागा शोधतो, शेजाऱ्याला लागून रांगेत बसतो. रांगेवर रांग चढते. सगळे नीट बसले, तरच आरपार दिसतं."

"पण आई, किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे लागू देत. मी आहे."

मुलाला धीर धरवेना. आई डोळे मिटून पडली, की तो उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाही. शेवटी त्याने गोधडी काढली आणि पातेलं नदीच्या गार पाण्यात नेऊन ठेवलं. कणांना जागा शोधायला सवडच मिळाली नाही. जो तो मिळेल तिथे, कसाही बसला. दोऱ्यावर पांढरा, भुसभुशीत गोळा तेवढा धरला.

आईने तो डोळ्याशी धरला. ज्योत दिसली नाही.

"साखर तीच आहे, बाळा," ती म्हणाली. "पाणी घाल, उकळ, पुन्हा ठेव."

"आता कुठला वेळ, आई," असं म्हणून तो मान खाली घालून बसून राहिला.

आई मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस जगली. रोज सकाळी ती कोपऱ्यातल्या घडी घातलेल्या गोधडीकडे पाही. तेवढ्या दिवसांत एक खडा सहज झाला असता. मग ती गेली.

पुढे त्या मुलाच्या हातचे खडे पंचक्रोशीत नावाजले. प्रत्येक खड्यातून ज्योत स्वच्छ दिसायची. पण त्याला कारागीर म्हणणारं माणूस उरलं नव्हतं, आणि त्याने स्वतःला तसं कधी म्हणवून घेतलं नाही.

बोध एवढाच: माणूस गमावण्याच्या भीतीने घाई करू नये, आणि घाईने बिघडलेलं काम पुन्हा मांडायला उशीर करू नये.