सरपणामागची भिंत

एका डोंगराच्या पायथ्याशी आटोपशीर गाव होतं आणि त्या गावात हौसाक्का नावाची एक भारी संशयी बाई राहायची. किती संशयी? अहो, दूध घेताना ती आधी गवळ्याचा चेहरा निरखायची, मग दूध! वाटेत कोणी नुसतं हसलं, तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची. हा का बरं हसला?

तिचा एकुलता एक लेक शहरात नोकरीला होता. डोंगरावरचा गड बघायला लोक येऊ लागले, तसा तिनं त्याला निरोप धाडला, "पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधते. त्या चालल्या की तू घरी ये." लेक म्हणाला, "आई, दिवाळीला पहिले पाहुणे घेऊनच येतो. जम बसला तर परत जायचा नाही." झालं! हौसाक्काचा सगळा जीव त्या दोन खोल्यांत अडकला.

पाहुण्यांना मातीच्या घरातला गारवा हवा असतो, म्हणून तिनं भिवातात्या या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. तात्यानं परसातलीच माती खणली, तीत भाताचा पेंढा घातला, पाणी सोडून सगळं तुडवलं आणि तो आंब्याखाली जाऊन बसला.

"तात्या, हे काय? बसलात कशाला?"

"माती मुरतेय, आक्का. आठ दिवस लागतील."

आठ दिवस! हा बाबा चहा पिऊन दिवस काढतोय, हौसाक्काची खात्रीच झाली. ती रोज चिखलात बोट खुपसून बघू लागली. पुढे भिंत चढायला लागली, तर तात्या एका वेळी हातभरच थर घालायचा आणि तो वाळेपर्यंत पुढे सरकायचा नाही. वर वळचणीखाली त्यानं चार झरोके ठेवले. "कोंदट हवा बाहेर जायला," तो म्हणाला. हवा बाहेर जायला, की चोराला आत डोकवायला? हौसाक्काला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उन्हाळा संपता संपता खोल्या उभ्या राहिल्या. तात्या दुसऱ्या कामासाठी लेकीच्या गावी निघाला. जाताना म्हणाला, "आक्का, शेणमातीचा हात देत जा, पण सिमेंट लावू नकोस. माती ओल घेते आणि सोडते. तिचं तोंड बांधलंस, तर ओल आतच कोंडेल."

तात्याची पाठ वळली आणि हौसाक्का विचारात पडली. सिमेंट नको असं का म्हणाला असेल? सिमेंटवाले भिंत ठोकून बघणार, मग याचं कच्चं काम उघडं पडणार, म्हणूनच! "मला शिकवतोय होय!" असं म्हणून तिनं तालुक्याहून माणसं बोलावली. झरोके बुजवले आणि भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. मागच्या भिंतीशी मात्र सरपण रचलं होतं.

"आक्का, लाकडं हलवायला लागतील," माणसं म्हणाली.

"हलवा म्हणजे? चार ओंडके गाडीत घालून न्यायला बरे! राहू दे ती भिंत."

पावसाळा सरला. खोल्या कशा लखलखत होत्या! दिवाळीला लेक पाहुणे घेऊन आला. दुपारी सगळे अंगणात चहा घेत होते, तोच बाजूच्या भिंतीचा गिलावा धप्पकन सुटला आणि येताना निम्मी माती घेऊन आला. कोणाला लागलं नाही, पण पाहुण्यांनी कप खाली ठेवले आणि बॅगा उचलल्या. आतली माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती.

दिवाळीसाठी तात्याही गावी परतला होता. गलका ऐकून तो धावत आला.

"फसवलंत मला!" हौसाक्का कडाडली. "कच्ची भिंत बांधलीत!"

तात्या मागे गेला आणि एकेक लाकूड बाजूला काढू लागला. मागची भिंत मोकळी झाल्यावर त्यानं तिच्यावर थापीचा दांडा ठोकला. ठण्! भिंत कोरडी होती, घट्ट होती, साधी भेगसुद्धा नव्हती.

"माती तीच, पाऊस तोच, हातही हेच," तात्या म्हणाला. "एवढीच भिंत तू माझी राहू दिलीस, आक्का."

"माझ्याच हातानं मी लेकाची वाट अडवली गं बाई!" म्हणून हौसाक्का रडली. लेक तिच्यावर रागावला नाही, पण भाऊबीज होताच शहरात परत गेला, आणखी एका वर्षासाठी.

मग तिनंच तात्याला हात जोडून बोलावलं. पुन्हा माती भिजली, पुन्हा पेंढा पडला. हौसाक्का आठ दिवस त्या चिखलाशेजारी बसून राहिली, पण तिनं एकदाही बोट खुपसलं नाही.

तात्पर्य काय, तर जाणत्याला काम सांगावं, शंका आली तर तोंडावर विचारावी. पण त्याच्या पाठीमागे आपल्या संशयाचा गिलावा चढवू नये. कोसळतं ते आपलंच घर.